मंगळवारचे सुभेदार

आमच्या गल्लीत एकच टेलिफोन होता, आणि तो शेजारच्या अण्णांच्या घरी होता. अण्णा हळदीचे अडते. सकाळी साडेनऊच्या सुमारास फोन वाजला की त्यांची बायको परसदारी येऊन हाक मारायची, "अहो टाइमकीपर, तुमच्या सुभेदारांचा फोन!" मी जाऊन रिसीव्हर उचलायचो आणि कानापासून वीतभर लांब धरायचो. जवळ धरला तर दिवसभर कानात दडा बसायचा.

"हॅलो! पाव्हणं हायती का? ओव्हर!"

"आहे, बोला."

"ओव्हर म्हणा, ओव्हर! न्हाईतर तुमचं बोलणं संपलं का न्हाई, मला कसं कळायचं?"

मी ओव्हर म्हणायचो. दाराआड अण्णांची मुले तोंडावर हात दाबून हसायची.

"घर कसं हाय? ओव्हर."

"बरं आहे. ओव्हर."

"मंगळवारी येऊ का? ओव्हर."

या शेवटच्या प्रश्नाचा अर्थ गल्लीत फक्त मला आणि माझ्या बायकोला ठाऊक होता. माझ्याकडे हप्त्याचे पैसे जमले असतील तर मी म्हणायचो, "नको, मीच बँकेत येतो." जमले नसतील तर म्हणायचो, "या." फोन दुसऱ्याच्या घरात आहे हे ओळखून सुभेदारांनी त्यावर पैशाचा शब्द कधी काढला नाही. त्यामुळे गल्लीचा बरेच दिवस असा समज होता की माझा कोणी सासुरवाडीकडचा मोठा माणूस लष्करात आहे आणि तो दर आठवड्याला आमच्या घराची चौकशी करतो. आम्ही तो समज मोडला नाही. पण सलग किती तरी आठवडे मी "या"च म्हणत होतो.

त्याचे कारण असे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगलीत दोन खोल्यांचे घर बांधले. गावातल्या एका सहकारी बँकेने घर गहाण घेऊन आठ हजार रुपये दिले. मुदत दहा वर्षे, हप्ता महिना एकशे सहा रुपये. मिरज रस्त्यावरच्या नट-बोल्टच्या कारखान्यात मी टाइमकीपर होतो. पगार तीनशे चाळीस. हिशेब बसत होता, आणि तो बसला नसता तर मी कर्ज काढलेच नसते. पण पुढे मालकांच्या भावाभावांत वाद पेटला, कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागले आणि आम्ही सगळे बाहेर राहिलो. अण्णांनी अडतीवर हिशेब लिहायचे काम दिले. त्याचे महिन्याला शंभर रुपये मिळत. त्यात दोन माणसे आणि एक तान्हे मूल जगत होते, हप्ता जगत नव्हता. बँकेची पहिली नोटीस आली, दुसरी आली, आणि मग सुभेदार आले.

खरे तर ते सुभेदार नव्हतेच. फौजेत वायरलेसवर होते आणि नाईक म्हणून निवृत्त झाले होते. कोणी सुभेदार म्हटले की ते दर वेळी दुरुस्ती करायचे. "नाईक म्हणा. मधी हवालदार हाय, नायब सुभेदार हाय. त्येंचा अपमान हुतो." कोणी ऐकत नसे. काटकुळा उंच देह, पांढरी टोपी, खाकी पँट आणि घोट्याशी घट्ट बांधलेले कॅनव्हासचे बूट. सायकलला घंटी नव्हती. वळणावर ते स्वतःच "बाजूऽ!" असे ओरडायचे. गल्लीतली कुत्री त्या ओरडण्याला भुंकायची आणि आमच्या घरात कळायचे की आज मंगळवार.

पहिल्या मंगळवारी मी बोलायची सगळी वाक्ये तयार ठेवली होती. कारखाना कधी बंद झाला, मालक काय म्हणतात, मला किती मुदत हवी. सुभेदारांनी त्यातले एकही वाक्य ऐकून घेतले नाही. ते घरात आले आणि बोटाच्या पेराने भिंती वाजवू लागले, डॉक्टर छाती वाजवून बघतो तशा. एका कोपऱ्यात थांबले.

"हितं खाट कशाला लावली?"

"जागा नाही दुसरी."

"खाट सरकवा. मागं ओल धरलीया. वारं लागू द्या." मग वर पाहून म्हणाले, "आन् त्ये कौल फुटलंय."

"सुभेदार, माझ्याकडे हप्त्याला पैसे नाहीत आणि तुम्ही कौलाचं काय घेऊन बसलात?"

"हप्त्याचं हप्त्याला बघू. पर घर बँकेचं हाय का न्हाई? गहाण हाय तवर निम्मं तरी बँकेचं. मग बँकेच्या घरात पानी गळलेलं मला कसं चालंल?"

मला राग आला. माझ्या घराला माझ्यादेखत कोणी बँकेचे घर म्हणावे, हे सोसणे कठीण होते. पण पुढच्या मंगळवारी ते कॅरिअरला दोन मंगलोरी कौले बांधून आले आणि बूट काढून छपरावर चढले. समोरच्या घरातल्या म्हातारीला वाटले आम्ही गवंडी लावला आहे. तिने खालून विचारले, "बाबा, रोज किती घेतोस रं?" सुभेदार वरून म्हणाले, "बँक देती, आजी." म्हातारी मला म्हणाली, "बँकेचे गवंडी पण असतात का रे?" कौलांचे पैसे त्यांनी बँकेकडे मागितले. बँकेने दिले नाहीत. मी देऊ केले तर म्हणाले, "तुमच्याकडं हप्त्याला न्हाईत आन् कौलाला कुठनं आलं?"

माझ्या बायकोला त्यांचा फार राग यायचा तो चहावरून. पहिल्या दिवशी तिने चहा केला. ते प्याले, चांगला झाला म्हणाले आणि जाताना बशीखाली पंधरा पैसे ठेवून गेले. पुढच्या खेपेला तिने त्यांना दारातच गाठले.

"हे काय हॉटेल आहे का?"

"न्हाई ताई. मी हाफिसचा माणूस हाय. फुकट प्यालो तर तुमच्या तोंडाकडं बघून मागाय येत न्हाई."

"मग पिऊ नका."

"तलप येती. काय करू?"

ती साताऱ्याची. तिच्या माहेरी दारात आलेल्या पोस्टमनला जेवू घालतात. तिने पुढच्या मंगळवारी अर्धा कप चहा आणून ठेवला. "पंधरा पैशात सांगलीत एवढाच येतो," असे सांगून आत गेली. सुभेदारांनी कप उचलून पाहिला आणि मनापासून मान डोलावली. "बराबर हाय. भाव बराबर हाय." त्यानंतर अर्धा कपच चालू राहिला. तिचे भांडण मिटले नाही, आणि त्यांना ते भांडण आहे हे कळलेच नसावे.

दुसऱ्यांच्या घरी ते कसे वागत हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळे. नावे मात्र सांगत नसत. मिरजेत तंबोरे बनवणारा एक कारागीर होता. सुभेदार आले की तो आत लपायचा आणि बायकोकडून "गावाला गेलेत" असे सांगायला लावायचा. सुभेदार म्हणाले, बरं, बसतो. ओसरीवर तंबोऱ्याचे भोपळे वाळत ठेवले होते. त्यांनी एक जवळ ओढला आणि टिचक्या मारत बसले. पाच मिनिटे, दहा मिनिटे. शेवटी आतून आरोळी आली, "अहो, वाजवू नका, तो ओला आहे! तडकेल!" आणि कारागीर धावत बाहेर.

"मग?" मी विचारले.

"मग काय, बसला संगं. गप्पा झाल्या. लय गुणी माणूस. पाव्हणं, मी पैश्यासाठी यवढा जात न्हाई. दार लावून बसलेल्या माणसाचं मला भ्या वाटतं. आत काय करून घिईल त्येचा नेम न्हाई. दार उघडं असलं की मी बिनघोर."

हे त्यांनी सहज सांगितले आणि टोपी नीट करून निघून गेले. तेव्हापासून मंगळवारी आमचे दार सकाळपासून उघडे असायचे. ते येऊ नयेत असे मात्र तरीही वाटायचे.

सुभेदार माण तालुक्यातले. बायको आणि आई गावी, दोन भाऊ मुंबईला गोदीत, आणि हे सांगलीत एका खोलीत एकटे. घराण्यात पूर्वी मेंढरे होती. एकदा मी विचारले, तुमच्या स्वतःच्या घरावर कधी कर्ज काढलेत का? ते खूप वेळ हसले. "आमच्या गावात कुठली बँक घरावर कर्ज देती? चार भिती आन् वर माती. गहाण ठिवायला आधी घराला किंमत लागती, पाव्हणं. तुमच्या घराला आठ हजार दिलं बँकेनं. लय मोठं घर हाय तुमचं." त्यानंतर ते बँकेचे घर असे म्हणाले तरी मला पहिल्यासारखा राग येईनासा झाला.

पण व्याज चढत होते. दिवाळी गेली, संक्रांत गेली, फाटकाचे कुलूप निघाले नाही. बँकेने निकाल मिळवला, जप्ती झाली आणि लिलावाची तारीख लागली. ती सांगायला सुभेदारांनी फोन केला नाही. ते मंगळवार नसताना आले, उभ्यानेच कागद दिला, माझी सही घेतली आणि चहाला थांबले नाहीत. जाताना बायकोला एवढेच म्हणाले, "ताई, त्या दिशी सामान आवरून ठिवू नका. आवरलेलं घर लगी इकलं जातं." हा सल्ला होता की नेहमीसारखी एखादी त्यांची तऱ्हा, हे आम्हाला ठरवता आले नाही. तिने ऐकले नाही. लोक येणार म्हणून पहाटे उठून अंगण सारवले, दारात रांगोळी काढली, पितळेची भांडी चिंचेने घासून मांडणीवर लावली. मी तिला अडवले नाही. परक्यांनी घर पाहायचे तर ते नीटनेटके दिसावे, असे मलाही वाटत होते.

सकाळी गल्लीतून हलगी वाजवत दवंडी फिरली. सहकार खात्याचे विक्री अधिकारी आले. अण्णांच्या घरून टेबलखुर्ची आणून अंगणात मांडली. बघे पुष्कळ होते. घ्यायच्या तयारीने आलेला माणूस एकच होता, कडेगावकडचा एक ऊसवाला बागाईतदार. मुलांना सांगलीत कॉलेजात घालायचे होते आणि त्यांना राहायला घर हवे होते. पांढरेशुभ्र धोतर, बंडीचा खिसा फुगलेला. माणूस भला वाटला. घरात शिरताना त्याने चपला बाहेर काढल्या. मला वाटले, याच्याच हाती जाणार असेल तर निदान घर नांदेल.

कमीत कमी बोली नऊ हजारांची होती. अधिकाऱ्यांनी सुभेदारांना मिळकतीचे वर्णन वाचायला सांगितले. सुभेदारांनी पाय जुळवले.

"दोन खोल्या, सोपा, मोरी, मंगलोरी कौलं, म्होरं अंगण. हे झालं कागदातलं. आता कागदात न्हाई ते सांगतो."

"त्याची गरज नाही," अधिकारी म्हणाले.

"साहेब, बैल इकताना सुदीक दात दावत्यात." आणि बागाईतदाराकडे वळून त्यांनी सुरुवात केली. "पश्चिमेच्या भितीला ओल हाय. दर पावसाळ्यात कंबरंपातूर चढती. मोरीचा उतार उलटा पडलाय, पानी माघारी येतं. मागल्या खोलीचं आढं वाकलंय. खिडकी एकच, ती बी उगवतीला न्हाई. सोप्याची फरशी पोकळ वाजती, हे बघा." सोप्यात पाय टाकून त्यांनी बुटाची टाच आपटली. फरशी पोकळ वाजली.

सगळे खरे होते. मी ते घर उभे राहून बांधून घेतले होते, आणि गल्लीदेखत त्याचे एकेक व्यंग मोजले जात होते. माझी मान खाली गेली. मला समजत होते की जितके वाईट बोलले जाईल तितके आमच्या हिताचे. बागाईतदाराचा चेहरा उतरत चालला होता. आणखी दोन मिनिटे आम्ही गप्प राहिलो असतो तर काम झाले असते.

तेवढ्यात माझी बायको उंबऱ्याबाहेर आली.

"पुरे हो सुभेदार! ओल सगळ्या सांगलीत आहे. इतकं वाईट घर आहे तर दर मंगळवारी येऊन बसत कशाला होतात? आणि पाण्याचं का नाही सांगत? या गल्लीत असं पाणी कुणाकडे आहे का?" असे म्हणून ती तरातरा परसातल्या विहिरीवर गेली, पोहरा सोडला, घासलेला तांब्या भरला आणि बागाईतदाराच्या हातात दिला. "घ्या, पिऊन सांगा."

तो वरून घटाघटा प्याला. मिशा पुसल्या. "आयला, लय ग्वाड पानी हाय की! आमच्याकडं कालव्यानं समदं मचूळ झालंय. ओलीचं काय, सिमिट मारू." त्याने घराकडे पुन्हा एकदा पाहिले, या वेळी आपलेपणाने, आणि हात बंडीच्या खिशाकडे गेला. "साहेब, लिवा…"

बायकोच्या तेव्हा ध्यानात आले. रिकामा तांब्या छातीशी धरून ती पायरीवर बसली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी काय केलं हो हे?" मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"थांबा पाव्हणं," सुभेदार बागाईतदाराला म्हणाले. "ताई खरं बोलल्या. पानी ग्वाड हाय, त्ये सांगायचं माझं ऱ्हायलं हुतं. पर त्यातबी एक हाय. ईर सामायिक हाय. अण्णा, हिकडं या. इरीत तुमचा वाटा किती?"

"निम्मा," अण्णा पुढे होत म्हणाले.

"पंप कुणाचा?"

"माझा. वीज माझी. यांच्या टाकीत मीच सोडतो पाणी."

"का वो सावकार," बागाईतदार जरा नरमाईने म्हणाला, "आमी आलो तर सोडशीला न्हवं?"

अण्णांनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. हळदीच्या पोत्यात हात घालून माल बघताना ते असेच बघायचे. "ते आत्ता कसं सांगू? माणसाला माणूस लागला तर. नाही लागला तर पोहरा आहेच की."

बागाईतदाराने विहिरीकडे पाहिले. मग पायरीवर बसलेल्या माझ्या बायकोकडे त्याचे लक्ष गेले. त्याने खिशावरचा हात काढला. "न्हाई साहेब. पोरं शिकाय ठिवायची, भांडाय न्हाई," असे म्हणून चपला घालून तो निघाला. बोली आली नाही. अधिकाऱ्यांनी तसा शेरा मारला आणि लिलाव तहकूब झाला.

लोक पांगल्यावर मी सुभेदारांना सायकलपाशी गाठले. "मुद्दाम केलंत ना?"

ते चिडले. "काय मुद्दाम? एक तरी खोटं बोललो का?"

"नाही."

"मग? उद्या त्यो राहाय आला असता आन् पयल्याच पावसात भित भिजली असती, तर बँकेच्या नावानं बोंब मारली असती त्येनं." आणि सायकलवर टांग मारून, "बाजूऽ!" ओरडत गेले. त्यांनी ते आमच्यासाठी केले की बागाईतदारासाठी की नुसते खरे सांगायची खोड म्हणून, हे मी आजही सांगू शकत नाही. बँकेने मात्र स्वतःपुरते ठरवले. सुभेदारांची त्या वर्षीची वेतनवाढ अडकली. ही गोष्ट मला बँकेच्या शिपायाने सांगितली, त्यांनी नाही.

दुसरा लिलाव लागण्याआधी फाटकाचे कुलूप निघाले. भावाभावांत वाटणी झाली, आम्हाला थोडा मागचा पगारही मिळाला. तो सगळा मी तसाच बँकेत नेऊन भरला. उरलेली थकबाकी फिटायला दोन वर्षे लागली. तोवर मंगळवार चालू होते. त्या दोन वर्षांत मोरीचा उतार सरळ झाला आणि आढ्याखाली टेकू बसला. मूल चालायला लागले आणि अण्णांच्या घरी फोन वाजला की "ओव्ह" म्हणू लागले.

दशक संपता संपता शेवटचा हप्ता भरला. गहाणातून घर सोडवल्याचा दस्त नोंदवायला आम्ही दोघे निबंधकाच्या कचेरीत गेलो. बँकेतर्फे सुभेदार आले होते. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. सह्या झाल्या, शिक्के पडले. त्यांनी घराचे मूळ कागद दोन्ही हातांनी माझ्या हातात दिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आता घर तुमचं. पाडा न्हाईतर माडी चढवा. बँक विचारणार न्हाई."

कचेरीबाहेर लिंबाखाली बायकोने त्यांना जेवायला बोलावले. येत्या मंगळवारी या, पुरणपोळी करते, असे म्हणाली. ते अवघडले. टोपी काढली, परत घातली.

"कशाला ताई? आता काम काय ऱ्हायलं तितं?"

"काम कशाला हवं? असंच या."

"असंच कुणाच्यात जायाची आपल्याला सवय न्हाई. जाऊन बसायचं आन् बोलायचं काय? मला न्हाई जमत त्ये."

ते थट्टा करत नव्हते. सांगलीत इतकी वर्षे काढलेल्या त्या माणसाला वसुलीखेरीज कोणाचे दार ठाऊक नव्हते. माझ्या बायकोला ते माझ्या आधी उमगले. तिने घराचे कागद माझ्या हातातून काढून घेतले आणि त्यांच्यासमोर धरले.

"मग शंभर रुपये बाकी ठेवा की आमच्याकडे. दर मंगळवारी मागायला या."

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिले. मग खरोखरच बोटांच्या पेरांवर हिशेब केला.

"तसं न्हाई चालत, ताई," ते म्हणाले. "त्येला व्याज लागतं."